इमेजिंग सेंटरची गुणवत्ता : परवाना, मानांकन आणि रोजची चाचणी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एक्स-रे’, ‘सोनोग्राफी’ किंवा ‘सीटी स्कॅन’ असे लिहून दिले, की रुग्णाचे नातेवाईक केंद्राचा शोध घेऊ लागतात. बहुतेक वेळा ही निवड घरापासूनचे अंतर, तपासणीचा दर आणि अहवाल किती वेळात मिळेल, या तीन गोष्टींवर होते. केंद्राच्या भिंतीवर चौकटीत लावलेली प्रमाणपत्रे सर्वांच्या नजरेस पडतात; पण ती क्वचितच वाचली जातात. वाचली तरी त्यांतील कोणते प्रमाणपत्र कायद्याने बंधनकारक आहे, कोणते केंद्राने स्वेच्छेने मिळवले आहे आणि त्यातून नेमकी कशाची हमी मिळते, याचा उलगडा सामान्य माणसाला होत नाही.

वस्तुत: वैद्यकीय प्रतिमा काढणाऱ्या केंद्राची गुणवत्ता तीन निरनिराळ्या पातळ्यांवर ठरते. पहिली पातळी कायद्याची. क्ष-किरण यंत्र बसवण्यास आणि चालवण्यास लागणारा परवाना तिच्यात येतो. दुसरी पातळी मानांकनाची. केंद्राचा एकूण कारभार ठरावीक निकषांनुसार चालतो की नाही, हे त्रयस्थ संस्था तपासते. तिसरी पातळी केंद्राच्या स्वत:च्या गुणवत्ता नियंत्रणाची. यंत्र आज सकाळी नीट चालते आहे काय, याची नोंद तिच्यात येते. या तीन बाबींची सरमिसळ होत असल्याने, ‘परवाना आहे म्हणजे सारे ठीक आहे’ असा समज रूढ झाला आहे. तो अपुरा आहे.

दुहेरी जोखीम

विल्हेल्म रोंटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचा वैद्यकीय वापर सुरू झाला आणि त्यापाठोपाठ त्यांचे दुष्परिणामही दिसू लागले. आरंभीच्या काळात या किरणांसोबत काम करणाऱ्या अनेकांना त्वचेच्या जखमा आणि कर्करोग जडले. किरणांपासून संरक्षणाचे शास्त्र याच अनुभवातून उभे राहिले.

आजच्या यंत्रांत किरणांची मात्रा त्या काळाच्या तुलनेत फारच कमी असते. छातीच्या एका साध्या क्ष-किरण छायाचित्रातून शरीराला साधारणपणे ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते. जमीन, आकाश, अन्न आणि हवा यांतून माणसाला वर्षभरात मिळणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. त्या मानाने छातीचे एक छायाचित्र अगदीच किरकोळ ठरते. सीटी स्कॅनची गोष्ट मात्र वेगळी आहे. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये ८ ते १० मिलिसिव्हर्टपर्यंत मात्रा मिळू शकते. यंत्र नीट जुळवलेले नसेल किंवा तपासणी विनाकारण पुन्हा करावी लागली, तर ही मात्रा त्याच प्रमाणात वाढते.

धोका केवळ किरणांचा नाही. सदोष यंत्रातून निघालेली प्रतिमा दिसायला ठीक असते. पण फुप्फुसातील क्षयाचा लहानसा डाग किंवा स्तनातील बारीक गाठ तिच्यात उमटत नाही. अशा वेळी ‘सर्व काही सामान्य आहे’ असा अहवाल हाती पडतो आणि उपचार लांबतात. जादा मात्रेचा परिणाम वर्षानुवर्षे दिसत नाही आणि चुकलेल्या निदानाचे मूळ यंत्रात होते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गुणवत्ता नियंत्रणाची गरज आहे ती यासाठीच.

नियामक मंडळ आणि नियम

भारतात किरणोत्सर्गाच्या वापरावर देखरेख ठेवण्याचे काम अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातील अधिकारांनुसार १५ नोव्हेंबर १९८३ रोजी हे मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. अणुवीज केंद्रांवरील देखरेखीमुळे मंडळाचे नाव लोकांना ठाऊक असते. परंतु गल्लीबोळातील दंतवैद्याचे छोटे क्ष-किरण यंत्रही याच मंडळाच्या कक्षेत येते, हे फारसे कोणाला माहीत नसते.

किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे पहिले नियम १९७१ साली झाले. त्यांची जागा २००४ साली केलेल्या अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियमांनी घेतली. वैद्यकीय निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरण यंत्रांकरिता मंडळाने स्वतंत्र सुरक्षा संहिता तयार केली असून तिची सुधारित आवृत्ती २०१६ साली निघाली. यंत्राचा निर्माता, त्याचा पुरवठादार आणि ते वापरणारे केंद्र या तिघांच्याही जबाबदाऱ्या या संहितेत सांगितल्या आहेत.

या संपूर्ण व्यवस्थेच्या मुळाशी तीन तत्त्वे आहेत. पहिले तत्त्व समर्थनीयतेचे : तपासणीपासून होणारा लाभ तिच्या जोखमीपेक्षा अधिक असला पाहिजे. दुसरे इष्टतमतेचे : निदानास पुरेशी प्रतिमा शक्य तितक्या कमी मात्रेत मिळाली पाहिजे. तिसरे मर्यादेचे : कर्मचारी आणि सामान्य नागरिक यांना मिळणाऱ्या मात्रेला कमाल सीमा असली पाहिजे. किरणांशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. सामान्य नागरिकांसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. रुग्णासाठी मात्र अशी संख्यात्मक मर्यादा नाही, कारण त्याची गरज आजारानुसार ठरते. म्हणूनच रुग्णाचे संरक्षण पहिल्या दोन तत्त्वांवर, म्हणजे डॉक्टरांच्या विवेकावर आणि यंत्राच्या गुणवत्तेवर, विसंबून राहते.

परवान्याची वाट

क्ष-किरण यंत्र बाजारातून घेऊन थेट वापरात आणता येत नाही. यंत्राच्या त्या प्रतिरूपाला आधी नियामक मंडळाची मान्यता मिळालेली असावी लागते. केंद्राला मंडळाच्या ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीवर आपली संस्था, तेथील कर्मचारी आणि यंत्रे यांची नोंद करावी लागते. यंत्र बसवल्यावर त्याची गुणवत्ता चाचणी होते. तिचा अहवाल समाधानकारक असेल, तरच वापराची संमती मिळते. सीटी स्कॅन आणि हृदयाच्या कॅथलॅबसारखी यंत्रे अधिक मात्रेची असल्याने त्यांना ‘परवाना’ लागतो. साधे क्ष-किरण यंत्र, मॅमोग्राफी, दंतवैद्यकीय यंत्र आणि हाडांची घनता मोजणारे यंत्र यांच्यासाठी ‘नोंदणी’ पुरते. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. यंत्र विकले, दुसऱ्या जागी हलवले किंवा भंगारात काढले, तरी मंडळाला कळवणे आवश्यक असते.

जागेचाही विचार होतो. सर्वसाधारण क्ष-किरण कक्षासाठी नऊ इंची विटांची भिंत किंवा किरण तितकेच अडवणारे दुसरे साहित्य असावे लागते. दाराला शिशाच्या पत्र्याचे अस्तर, बाहेर किरणोत्सर्गाचे चिन्ह आणि यंत्र चालू असताना पेटणारा लाल दिवा, ही रुग्णालाही सहज दिसणारी लक्षणे आहेत. गर्भवती महिलांनी आपल्या स्थितीची पूर्वकल्पना द्यावी, असा स्थानिक भाषेतील फलकही अपेक्षित असतो.

मनुष्यबळाच्या बाबतीत प्रशिक्षित तंत्रज्ञ, अहवाल देणारे पात्र डॉक्टर आणि मंडळाने मान्यता दिलेला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असावे लागतात. प्रत्येक कर्मचाऱ्याला छातीवर लावण्यासाठी ‘टीएलडी’ बिल्ला दिला जातो. या बिल्ल्यातील चकत्या अंगावर पडलेल्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात. तापवल्यावर ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि तिच्या मोजमापावरून मात्रा कळते. ही पद्धत देशात भाभा अणुसंशोधन केंद्राने रुजवली. सामान्यत: दर तीन महिन्यांनी बिल्ले तपासणीसाठी पाठवले जातात. शिशाचा एप्रन घातल्यास बिल्ला त्याच्या आत लावायचा असतो. तो क्ष-किरण कक्षात खुंटीला टांगून ठेवणे किंवा दोघांनी मिळून एकच वापरणे, या चुका लहान केंद्रांत घडू शकतात. त्यामुळे नोंदी दिसतात. पण त्या कर्मचाऱ्याच्या अंगावर पडलेल्या मात्रेबद्दल खरे काहीच सांगत नाहीत.

यंत्राची परीक्षा

क्ष-किरण यंत्राची गुणवत्ता चाचणी किमान दोन वर्षांतून एकदा व्हावी लागते. यंत्राची नळी बदलल्यास किंवा सुरक्षेशी संबंधित मोठी दुरुस्ती झाल्यासही ती पुन्हा करावी लागते. ही चाचणी मंडळाने मान्य केलेल्या संस्थेकडून, प्रमाणित उपकरणांच्या साहाय्याने होते.

चाचणीत पाहिल्या जाणाऱ्या बाबी तांत्रिक असल्या, तरी त्यांचा अर्थ अवघड नाही. यंत्रावर ७० किलोव्होल्ट ठेवले असता प्रत्यक्षात नळीला तेवढाच दाब मिळतो का, हे पहिल्यांदा पाहिले जाते. येथे ५ किलोव्होल्टपर्यंतचा फरक चालतो. किरण सोडण्याचा वेळ दर्शवलेल्या वेळेशी जुळतो का, हे त्यानंतर तपासतात. एकाच मांडणीत पुन:पुन्हा किरण सोडले असता दर वेळी सारखीच मात्रा मिळते का, याचेही मोजमाप होते.

शरीरावर पडणारा दिव्याचा चौकोन आणि प्रत्यक्ष किरणांचे क्षेत्र एकमेकांशी जुळणे महत्त्वाचे असते. तंत्रज्ञ दिव्याच्या चौकोनावरून रुग्णाची जागा ठरवतो. किरण दोन बोटे बाजूला पडत असतील, तर हवा तो भाग प्रतिमेतून सुटतो आणि नको त्या भागावर किरण पडतात. नळी आणि प्रतिमाग्राहक यांतील अंतराच्या दोन टक्क्यांहून अधिक फरक येथे स्वीकारला जात नाही. म्हणजे अंतर १०० सेंटिमीटर असेल, तर चूक २ सेंटिमीटरच्या आत असावी लागते.

किरणांच्या वाटेत ॲल्युमिनियमचा पातळ पडदा असतो. प्रतिमा घडवण्यास निरुपयोगी असलेले, परंतु त्वचेत शोषले जाणारे कमी ऊर्जेचे किरण तो अडवतो. हा पडदा पुरेसा जाड नसेल, तर प्रतिमा तशीच दिसते; मात्र रुग्णाच्या त्वचेला विनाकारण जादा मात्रा मिळते. नळीच्या आवरणातून होणारी गळतीही मोजतात. एक मीटर अंतरावर ती तासाला १ मिलिग्रेच्या आत असणे बंधनकारक आहे.

सीटी यंत्राच्या चाचणीत पाण्याने भरलेले भांडे वापरतात. सीटीच्या मोजपट्टीवर पाण्याचा अंक शून्य आणि हवेचा उणे एक हजार असतो. यंत्र पाण्याचा अंक वेगळा दाखवू लागले, तर यकृतातील गाठ द्रवाची आहे की घन, या प्रश्नाचे उत्तरही चुकू शकते.

‘कॅग’चा आरसा

नियम कागदावर काटेकोर असले, तरी अंमलबजावणीचे चित्र दीर्घकाळ निराशाजनक होते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक अर्थात ‘कॅग’ने २०१२ साली नियामक मंडळाच्या कामकाजावर अहवाल सादर केला. देशातील ५७ हजार ४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५ हजार २७० केंद्रे नोंदणीकृत असल्याचे त्यात नमूद करण्यात आले. उर्वरित ५२ हजार १७३, म्हणजे सुमारे ९१ टक्के केंद्रे, नियामकाच्या देखरेखीविना चालू होती. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय असावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला होता. तथापि ३५ पैकी ३३ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत असे संचालनालय स्थापन झालेच नव्हते, याकडेही अहवालाने लक्ष वेधले. केरळ आणि मिझोराम ही राज्ये या बाबतीत आधीच पुढे गेली होती.

पुढे संगणकीय प्रणालीमुळे अर्ज करणे सोपे झाले. यंत्र विकतानाच पुरवठादाराकडून त्याची माहिती मंडळाला मिळू लागली आणि मोठ्या संख्येने केंद्रे नोंदणीच्या कक्षेत आली. ‘कॅग’ने मंडळाला स्वतंत्र वैधानिक दर्जा नसल्याचा आक्षेपही घेतला होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याची जागा घेणारा ‘शांती’ या संक्षिप्त नावाचा कायदा मंजूर केला. त्यात मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद आहे. मात्र तालुक्याच्या गावातील प्रत्येक क्ष-किरण कक्षापर्यंत निरीक्षक पोहोचणे हे केवळ कायद्याने होणारे काम नाही. त्यासाठी राज्य पातळीवरील यंत्रणा आणि प्रशिक्षित मनुष्यबळ लागते.

सोनोग्राफी आणि एमआरआय

सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरल्या जातात आणि एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्र व रेडिओ लहरी. दोन्हींत आयनकारी किरणोत्सर्ग नसल्याने ही यंत्रे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याखाली येत नाहीत.

सोनोग्राफी केंद्रांना मात्र दुसरा कायदा लागू आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. १९९६ पासून तो अमलात आला आणि २००३ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून गर्भधारणापूर्व लिंगनिवडही त्यात आणण्यात आली. या कायद्यानुसार प्रत्येक केंद्राने समुचित प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करणे, नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे, गर्भलिंगनिदान केले जात नसल्याचा फलक लावणे आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीसाठी ‘एफ’ नमुना भरणे सक्तीचे आहे. नोंदणी पाच वर्षांसाठी असते. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती. २०११ मध्ये ती ८९४ वर घसरली. या पार्श्वभूमीवर कायद्याची कठोरता समजण्यासारखी आहे.

परंतु हे प्रमाणपत्र प्रतिमेच्या दर्जाविषयी काहीही सांगत नाही. सोनोग्राफीच्या प्रोबमधील काही स्फटिक निकामी झाले, तर पडद्यावर उभे काळे पट्टे दिसतात किंवा खोलवरचा भाग अंधूक होतो. यंत्राच्या मोजपट्टीत चूक असेल, तर गर्भाच्या डोक्याचे आणि मांडीच्या हाडाचे माप चुकते आणि त्यावरून काढलेले गर्भाचे वय व वजनही चुकते. असे दोष शोधण्यासाठी ठरावीक अंतरावर तारा बसवलेला कृत्रिम नमुना तपासावा लागतो. तो तपासण्याची जबाबदारी केंद्राची स्वत:ची असते.

एमआरआयमध्ये मुख्य धोका चुंबकाचा आहे. १.५ टेस्ला क्षमतेचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते आणि तपासणी चालू नसतानाही ते कायम असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका पालिका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मृत्युमुखी पडला. यंत्र निर्दोष असूनही हा अपघात घडला. दारावर तपासणी करणारा प्रशिक्षित कर्मचारी, धातू नसलेले स्ट्रेचर आणि चुंबकाला न चिकटणारे सिलिंडर, या साध्या गोष्टी जीव वाचवतात. त्या नियमित पाळल्या जातात की नाही, हे पाहण्याचे काम मानांकनाच्या व्यवस्थेत होते.

मानांकन म्हणजे काय?

भारतीय गुणवत्ता परिषदेअंतर्गत काम करणारे, ‘एनएबीएच’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे राष्ट्रीय मंडळ रुग्णालयांना मानांकन देते. वैद्यकीय प्रतिमा सेवांसाठीही या मंडळाचा स्वतंत्र मानांकन कार्यक्रम आहे. तो ऐच्छिक आहे. परवाना नसलेले केंद्र बेकायदा ठरते. मानांकन नसलेले केंद्र बेकायदा ठरत नाही.

मानांकनासाठी केंद्राला आधी आपली कार्यपद्धती लिहून काढावी लागते आणि स्वत:चे मूल्यमापन करून अर्ज करावा लागतो. त्यानंतर मूल्यमापकांचे पथक प्रत्यक्ष भेट देते. रुग्णाची ओळख पटवण्याची पद्धत, उजवी-डावी बाजू न चुकवण्याची काळजी, औषधाची ॲलर्जी विचारणे, कॉन्ट्रास्ट इंजेक्शननंतर त्रास झाल्यास तातडीच्या उपचारांची सोय, यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, अहवाल देण्यास लागणारा वेळ, जीवघेणा दोष आढळल्यास डॉक्टरांना त्वरित कळवण्याची पद्धत आणि तक्रारींचे निवारण, अशा अनेक बाबी ते पाहतात. त्रुटी आढळल्यास त्या दूर करण्यास मुदत मिळते. मानांकन मिळाल्यावरही मध्यंतरी पुन्हा पाहणी होते.

येथे एक बाब लक्षात ठेवावी लागते. प्रत्येक प्रमाणपत्राची एक व्याप्ती असते. एखाद्या केंद्राच्या रक्त तपासणी प्रयोगशाळेला मिळालेले मानांकन शेजारच्या सीटी स्कॅन कक्षाला आपोआप लागू होत नाही. जाहिरातीत मात्र एकच चिन्ह संपूर्ण केंद्रासाठी झळकत असू शकते. म्हणून प्रमाणपत्रावर कोणत्या सेवा, कोणता पत्ता आणि कोणती मुदत लिहिली आहे, हे वाचणे आवश्यक ठरते.

अमेरिकेने काही तपासण्यांपुरते मानांकन सक्तीचे केले आहे. स्तनाच्या क्ष-किरण तपासणीतील दर्जाबाबत गंभीर तक्रारी आल्यानंतर तेथे १९९२ साली मॅमोग्राफीच्या दर्जाचा कायदा झाला. मान्यताप्राप्त संस्थेचे मानांकन आणि सरकारी प्रमाणपत्र असल्याशिवाय तेथे कोणत्याही केंद्राला मॅमोग्राफी करता येत नाही आणि प्रत्येक केंद्राची दरवर्षी पाहणी होते. सीटी, एमआरआय आणि पेट या तपासण्यांसाठी रुग्णालयाबाहेरील केंद्रांना ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याचे पैसे मिळायचे असतील, तर १ जानेवारी २०१२ पासून मानांकन आवश्यक करण्यात आले. केंद्राची मिळकत दर्जाशी जोडली, की मानांकनाला वजन येते, हा त्यातील धडा आहे.

रोजची चाचणी

दोन वर्षांतून एकदा होणारी चाचणी त्या दिवसापुरती खरी असते. त्यानंतर वीजपुरवठ्यातील चढउतार, नळीची झीज, धूळ आणि दमट हवा यांचा परिणाम यंत्रावर होतच राहतो. म्हणूनच चांगल्या केंद्रात दिवसाची सुरुवात चाचणीने होते. सीटी यंत्राची नळी आधी तापवून घेतात, पाण्याच्या नमुन्याची प्रतिमा काढतात आणि अंक वहीत लिहून ठेवतात. मॅमोग्राफीसाठी आत बारीक कण व तंतू बसवलेला प्लास्टिकचा नमुना वापरतात आणि त्यांतील किती दिसतात, हे ठरावीक दिवशी मोजतात. अहवाल देण्याच्या पडद्याची उजळता तपासतात, कारण पडदा मंद असेल तर उत्तम प्रतिमाही वाया जाते.

शिशाचे एप्रन घडी घालून ठेवले, की त्यांना आतून चिरा पडतात. या चिरा डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे एप्रन दांडीवर टांगून ठेवायचे असतात आणि वर्षातून एकदा तरी क्ष-किरणांखाली तपासायचे असतात.

सर्वांत स्वस्त आणि बोलकी चाचणी म्हणजे पुन्हा काढाव्या लागलेल्या छायाचित्रांची नोंद. रुग्ण हलला, मांडणी चुकली, मात्रा कमी-जास्त झाली किंवा यंत्र बिघडले, अशा कारणांनुसार महिन्याची आकडेवारी मांडली, तर दोष प्रशिक्षणात आहे की यंत्रात, हे लगेच कळते. डिजिटल यंत्रे आल्यापासून ही नोंद अधिकच गरजेची झाली आहे. पूर्वी मात्रा जादा झाली की फिल्म काळी पडायची आणि चूक उघड व्हायची. आता संगणक प्रतिमा उजळून देतो, त्यामुळे जादा मात्रा लपून जाते. शिवाय नको असलेली प्रतिमा एका कळीने पुसली जाते आणि रुग्णाला मिळालेल्या दुप्पट मात्रेची खूणही उरत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांच्या वाढत्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि पुढे आयुष्यही मोठे असते. मोठ्या माणसाची मांडणी न बदलता मुलाचा सीटी स्कॅन काढल्यास त्याला गरजेपेक्षा कितीतरी अधिक मात्रा मिळते. मुलाच्या वजनानुसार मांडणी बदलणे यंत्रात शक्य असते. ती बदलण्याची शिस्त मात्र केंद्रात असावी लागते.

रुग्णाने काय पाहावे?

तांत्रिक अहवाल वाचणे सामान्य माणसाचे काम नव्हे. तरीही पुढील गोष्टी कोणालाही पाहता व विचारता येतात :

१. क्ष-किरण, सीटी किंवा मॅमोग्राफी यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना अथवा नोंदणी आहे का आणि तिची मुदत संपली आहे का.

२. सोनोग्राफी केंद्रात नोंदणी प्रमाणपत्र आणि गर्भलिंगनिदान बंदीचा फलक दर्शनी भागात आहे का.

३. मानांकनाचे चिन्ह असल्यास ते आपण करून घेत असलेल्या तपासणीला लागू आहे का.

४. क्ष-किरण काढताना दार बंद केले जाते का, विनाकारण इतरांना आत थांबू दिले जाते का आणि मुलाला धरण्यासाठी नातेवाइकाची गरज पडल्यास त्याला एप्रन दिला जातो का.

५. वयात आलेल्या स्त्रीला गर्भधारणेबाबत आणि कॉन्ट्रास्ट इंजेक्शनपूर्वी प्रत्येकाला ॲलर्जी व मूत्रपिंडाच्या विकाराबाबत विचारले जाते का.

६. एमआरआय कक्षात जाण्यापूर्वी रुग्ण आणि सोबतचे नातेवाईक या दोघांचीही धातूच्या वस्तूंसाठी तपासणी होते का.

७. अहवालावर तज्ज्ञ डॉक्टरांचे नाव व सही आहे का आणि मूळ प्रतिमा फिल्म किंवा सीडीच्या रूपात मिळतात का.

जुन्या प्रतिमा जपून ठेवणे हीदेखील रुग्णाची जबाबदारी आहे. त्या सोबत नेल्यास तीच तपासणी पुन्हा करण्याची गरज अनेकदा टळते. एखाद्या डॉक्टरने नव्या ठिकाणी पुन्हा सीटी स्कॅन करण्यास सांगितले, तर आधीची प्रतिमा दाखवून ती पुरेशी आहे का, असे विनयाने विचारण्यात काहीच गैर नाही. मात्र किरणांच्या धास्तीने आवश्यक तपासणी टाळणे अधिक घातक ठरू शकते. योग्य कारणासाठी केलेल्या तपासणीचा लाभ तिच्या जोखमीपेक्षा खूप मोठा असतो.

लहान केंद्रांच्या चालकांना हा सारा खटाटोप खर्चाचा वाटतो आणि त्यात तथ्यही आहे. चाचणी, बिल्ले, प्रशिक्षण आणि मानांकन यांचे शुल्क ग्रामीण भागातील एकट्या डॉक्टरला जड जाते. परंतु पाण्याच्या नमुन्याची सकाळची चाचणी, पुन्हा काढलेल्या छायाचित्रांची वही, टांगून ठेवलेला एप्रन आणि मुलासाठी बदललेली मांडणी यांना फारसा खर्च येत नाही. परवाना पाच वर्षांनी आणि चाचणी दोन वर्षांनी होत असते. रुग्ण मात्र आज आलेला असतो, आणि त्याला मिळणारी प्रतिमा कितपत विश्वासार्ह आहे, हे त्या सकाळी वहीत झालेल्या नोंदीवरूनच कळते.